गंगाखेड रोडवरचा लाकडी घाणा: लेकीच्या बाळंतपणासाठी तेल घेतलं, त्याचा अनुभव

परभणीतून गंगाखेडकडे निघालं की वस्ती विरळ होते तिथं पत्र्याच्या शेडमध्ये हा घाणा आहे. पाटी लहान आहे. करडीच्या तेलाचा वास आला की थांबायचं.

लेक सातव्या महिन्यात माहेरी आली आणि त्याच आठवड्यात मी इथं गेले. आधी बाजारातल्या एका दुकानातून "घाण्याचं ताजं" म्हणून पाच लिटरचा डबा आणला होता. झाकण उघडताच खवट वास. कधी काढलं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "तेलाला कशाची तारीख?" तो डबा मी दिव्याला वापरला, लेकीच्या भाजीत घातला नाही.

तेलाबाबत मी इतकी चिकित्सक आहे त्याला कारण आहे. 22 वर्षं मी एका कॉलेजच्या प्राणीघरात काम केलं. पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुणं, भुसा बदलणं, आणि हात बसल्यावर टोकाला गोळी असलेल्या वाकड्या सुईनं त्यांना औषध पाजणं. जे औषध पाण्यात विरघळत नाही ते मक्याच्या नाहीतर तिळाच्या तेलात कालवायचं. म्हणून एका गटाला औषध न देता नुसतं तेलच पाजायचो, म्हणजे परिणाम औषधाचा की तेलाचा ते कळायचं. गाभण मादीला तेच, तिची पिल्लं मोठी करायची, वयात आली की जोड्या लावायच्या आणि त्यांना पिल्लं होतात का ते मोजायचं. उंदराचा गर्भकाळ 21-22 दिवसांचा, त्यामुळे तीन पिढ्या वर्षाच्या आत डोळ्यासमोरून जातात. तेव्हा सर सांगायचे, तेलही गप्प बसत नाही, ते शरीरात काम करतं, म्हणून तर हा गट ठेवायचा.

1922 साली अमेरिकेतल्या बर्कलीमध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी उंदरांना चरबी असलेला निवडक आहार दिला. माद्या गाभण राहायच्या, पण गर्भ पोटातच मरून जिरून जायचे. हिरवा पाला किंवा गव्हाचा अंकुर दिला की पिल्लं जगायची. त्यातूनच ई जीवनसत्त्व सापडलं आणि 1936 मध्ये ते गव्हाच्या अंकुराच्या तेलातून वेगळं काढलं. तेल खवट झालं की हेच जीवनसत्त्व आधी मरतं. खवट डब्याचा मला राग का आला, ते आता कळलं असेल.

घाणेवाल्या दादांना मी पहिल्याच दिवशी तीन प्रश्न विचारले. बी कुठलं, तेल कधी काढलं, निंबोळी कुठं काढता? तिसऱ्या प्रश्नावर ते थबकले. "कामून मावशी?" मी सांगितलं, कडुनिंबाच्या बियांचा अर्क तोंडावाटे दिला तर उंदरांचा गर्भ टिकत नाही, हे आपल्याच देशातल्या प्रयोगांत दिसलंय, पुढच्या खेपेला त्या माद्या पुन्हा गाभण राहिल्या, हेही खरं, पण माझ्या लेकीला ती खेप गमवायची नाही. दादा मला मागच्या खोलीत घेऊन गेले. शेतकऱ्यांच्या फवारणीसाठी निंबोळी तिथं वेगळ्या लोखंडी मशीनवर निघते. लाकडी घाण्याला ती लागत नाही. मशीन वेगळं होतं, पण नरसाळं एकच होतं. मी तसं बोलून दाखवलं. ते चिडले नाहीत. पुढच्या वेळी गेले तर करडीच्या नरसाळ्याला हिरवी चिंधी बांधलेली होती. माझ्याकडून निम्मे गुण त्यांना तिथंच मिळाले.

सरकीचं तेल ते खाण्यासाठी काढतच नाहीत. आपल्याकडे कापूस एवढा, पेंड म्हशींना घातलेली सगळ्यांनी पाहिलीय, मग माणसाला का नाही? कच्च्या सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. चीनमध्ये कच्च्या सरकीचं तेल खाणाऱ्या गावांत पुरुषांना मुलं होईनात, तेव्हा ते लक्षात आलं. 1970 च्या दशकात तिथं हजारो पुरुषांवर गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी झाली, पण रक्तातलं पोटॅशियम घसरणं आणि काहींची मूल होण्याची क्षमता परत न येणं यामुळे ते मागे पडलं. कारखान्यात शुद्ध केलेल्या तेलातून ते निघून जातं, घाण्यावर निघत नाही. दादांना गॉसिपॉल हा शब्द माहीत नव्हता. "वडील सांगून गेलेत, सरकी जनावराची," एवढंच ते म्हणाले.

लेकीला आवडते ती जवसाची चटणी. तिच्यावरून आमच्या घरात वाद झाला, कारण मी तिला ताट भरून वाढू देईना. 1998 मध्ये टोरोंटोच्या प्रयोगात गाभण आणि पाजणाऱ्या माद्यांच्या आहारात 10 टक्के जवस घातलं, तर पिल्लांचं जन्माचं वजन घटलं, मादी पिल्लं लवकर वयात आली आणि त्यांचं ऋतुचक्र बिघडलं. दोष जवसातल्या लिग्नन नावाच्या द्रव्याकडे जातो; ते स्त्रीच्या संप्रेरकासारखं वागतं. हे द्रव्य बीमध्ये आणि पेंडीत राहतं, तेलात जवळपास उतरत नाही. आणि 10 टक्के म्हणजे दिवसाला अर्धा किलो कोरडं अन्न धरलं तर 50 ग्रॅम जवस. चमचाभर चटणीत त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून चमचाभर देते, वाटीभर नाही, आणि डॉक्टरीणबाईंनाही ते सांगून ठेवलंय.

उंदराचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लावू नये, हेही मी तिथंच शिकले. पाव किलोच्या उंदराला 1 मिली तेल म्हणजे वजनाच्या प्रमाणात 60 किलोच्या बाईला 240 मिली. शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब धरला तर ते साधारण 40 मिलीवर येतं. आणि 40 मिली तर आपण रोजच्या भाजी-फोडणीत सहज खातो. त्यामुळे "ते उंदरांचं आहे" म्हणून मी हात झटकत नाही. लेकीच्या पोटात मुलगी असेल तर तिची 60-70 लाख स्त्रीबीजं पाचव्या महिन्यातच तयार झालीत. आज मी जे वाढते ते माझ्या नातीच्या लेकरांपर्यंत जाऊ शकतं, या विचारानं माझा हात थरथरतो.

तेल कसं आहे? करडीचं सोनेरी, थोडं दाट, फोडणीत फेस कमी. धपाट्याला तर याच्याशिवाय चव नाही. भाव 380 रुपये लिटर, पिशवीतल्या तेलापेक्षा पुष्कळ जास्त. महिनाभरात संपेल एवढंच घ्या, कारण करडीचं तेल लवकर खवटतं. प्लास्टिकच्या बाटल्या मला पटत नाहीत, काच किंवा स्टीलचं भांडं घरून नेलं तर ते भरून देतात. तेल निवळायला दोन दिवस लागतात, लगेच नेलं तर गाळ येतो. लाईट गेली की घाणा थांबतो आणि बसायला एकच बाकडं आहे; गरोदर बाईला सोबत नेऊ नका.

बाटलीवर आता ते पट्टी चिकटवून पेनानं तारीख लिहितात. बुधवारी आणि शनिवारी करडी असते. सकाळी दहाच्या आत पोचलं तर डोळ्यासमोर काढून मिळतं.