जुनं घर घेण्याआधी केलेली सरकारी मोजणी, आठ महिन्यांनंतर

वाई साइडला जुनं कौलारू घर घेतलं, एजंट म्हणाला पाच गुंठे, सातबाऱ्यावर ५ आर, आम्ही म्हटलं एकच की. तर एकच नाहीये हो! गुंठा १०८९ स्क्वेअर फूट आणि आर साधारण १०७६, म्हणजे पाच गुंठ्यांचे पैसे मोजले तर ६३ फूट हवेतले. हे विसार देऊन झाल्यावर कळलं, ती आमची चूक.

मोजणीचं म्हणाल तर आपण अजून खरेदीदारच, नाव सातबाऱ्यावर नाही, त्यामुळे 'हद्द कायम' मोजणीचा, म्हणजे जमिनीची हद्द ठरवून जागेवर दाखवण्याचा, अर्ज मालकानेच करायचा, फी आम्ही भरली. मालक आधी कुरकुरला, "दगड आहेत की बांधाला, दिसतायत". मग लगतवाल्यांना नोटिसा, तारीख, एकदा ती पुढे ढकलली, असं करत दोन-अडीच महिने गेले. तोवर प्रायव्हेट सर्व्हेअरकडून मोजून घ्या असं सगळे सांगत होते, तो दोन दिवसांत करून देतो पण भांडण झालं की शेजारी म्हणतो तुमचा कागद तुमच्यापाशी ठेवा.

भूकरमापक साहेब, म्हणजे सरकारी मोजणीदार, रोव्हर घेऊन आले, काठीवर पांढरा डबा असतो ना ते मोजणीचं यंत्र, दुपारपर्यंत चुन्याने खुणा मारून मोकळे. शेजारच्या काकांचं तारेचं कंपाऊंड एका टोकाला आमच्यात चार फूट, दुसऱ्या टोकाला शून्य. म्हणजे पाचर. काका म्हणाले, "वडलांनी घातलंय ते", आणि पंचनाम्यावर सही न करता घरात गेले. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्यावर मात्र मालकाने तेवढ्याचे पैसे गुपचूप कमी केले, मोजणीची फी तिथेच वसूल.

आता नाराजी. मोजणीवाले हद्द दाखवतात, अतिक्रमण काढून देत नाहीत, त्यासाठी कोर्ट. आम्ही गेलो नाही, चार फुटांसाठी रोज सकाळी तोंड कोण फिरवणार, पण काका आता भिंत बांधायला निघाले तेव्हा नकाशा दाखवला आणि भिंत निदान तारेच्या पुढे तरी आली नाही. घरापर्यंतची बैलगाडीची वाटही नकाशात नाही, नुसती वहिवाट, हे मी खरेदीआधी विचारायला हवं होतं, आता त्या वाटेच्या मालकाशी गोड बोलणं चालूय.

चुना पहिल्या पावसात गेला. सिमेंटचे पोल मात्र त्याच आठवड्यात रोवले होते, त्यातला एक मे महिन्यात जेसीबीने उडवला, आता तिथे पेरूचं झाड लावलंय.