स्मारकासाठी भारतमातेची मूर्ती : पेणच्या एका कारखान्याचा अनुभव

गुहागर तालुक्यातील आमच्या गावच्या चावडीसमोर पहिल्या महायुद्धाच्या काळातली एक दगडी पाटी आहे. गावातून इतके लोक युद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर इंग्रजीत कोरले आहे. नाव एकाचेही नाही. गेल्या वर्षी ग्रामस्थ मंडळाने शेजारीच नवे स्मारक बांधले, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या गावच्या जवानांची नावे त्यावर कोरली आणि मागे भारतमातेची मूर्ती बसवायचे ठरवले. पाच फुटांची ही फायबरची मूर्ती आम्ही पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातून करून घेतली. तिने एक पावसाळा काढला आहे, म्हणून आता लिहितो.

कारखान्यात भारतमातेचा साचा तयार होता : हातात ध्वज, मागे सिंह, नजर थेट समोर. आम्ही तोच पसंत करून निघणार होतो, पण मूर्तिकारांनी नावांच्या फलकाची मापे मागितली आणि विचारले, "मास्तर, ही आई बघतेय कुठे?" मी त्यांना मोबाइलवर दोन छायाचित्रे दाखवली. पहिली रशियातल्या व्होल्गोग्राडची मातृभूमीची मूर्ती, १९६७ सालची, ८५ मीटर उंच, तलवार उगारून लेकरांना लढाईला हाक देणारी. दुसरी फ्रान्समधल्या विमी येथील कॅनडाच्या स्मारकावरची, १९३६ सालची. वॉल्टर ऑलवर्ड या शिल्पकाराची ही कॅनडामाता मान खाली घालून पायथ्याच्या थडग्याकडे पाहत उभी आहे, आणि फ्रान्समध्ये पडलेल्या, पण ज्यांची कबरही सापडली नाही अशा ११,२८५ सैनिकांची नावे त्या स्मारकाच्या भिंतींवर आहेत. दुसरे छायाचित्र मूर्तिकार बराच वेळ पाहत राहिले. आमच्या मंडळात यावर मतभेद झाले, कारण भारतमाता दीनवाणी दिसू नये असे काही ज्येष्ठांचे म्हणणे होते, आणि ते चुकीचे नव्हते. शेवटी मान ताठ आणि पापण्या खाली, नजर नावांवर, असे ठरले.

हातांसाठी अवनींद्रनाथ ठाकूर यांचे १९०५ सालचे चित्र समोर ठेवले. त्या भगव्या वस्त्रातल्या भारतमातेच्या चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, जपमाळ आणि शुभ्र वस्त्र आहे. शस्त्र एकही नाही. आमची मूर्ती दोन हातांची, म्हणून पोथी आणि लोंब्या घेतल्या. या लोंब्यांसाठी तरी हा कारखाना पाहावा. पहिल्या नमुन्यात त्या झाडूसारख्या उभ्या होत्या. आम्ही गावाकडून पिकलेल्या भाताची एक पेंढी नेऊन दिली, तेव्हा मूर्तिकारांनी ते काम मोडून नव्याने केले : आता दाण्यांच्या भाराने लोंबी मनगटावरून खाली वाकली आहे आणि जवळ गेल्यावर दाण्याच्या टोकाची कुसेही दिसतात. डोळ्यांची आखणी त्यांनी सगळ्यात शेवटी, स्वतः केली. उद्‍घाटनाच्या दिवशी एका जवानाची आई फलकापाशी आली, मुलाच्या नावावर हात ठेवून तिने वर पाहिले, तेव्हा मूर्तीची नजर नेमकी तिच्यावर होती. मूर्तिकारांचा प्रश्न मला त्या क्षणी खऱ्या अर्थाने कळला.

त्रुटी एक, पण मोठी. मूर्ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर बसणार हे सांगूनही चौथऱ्याला जखडणारे बोल्ट साध्या लोखंडाचे आले, आणि आषाढातच गंजाचे तांबूस ओघळ पायांवरून फलकापर्यंत उतरले. शहिदांच्या नावांवर गंज पाहून गावाला फार वाईट वाटले. कळवल्यावर कारखान्याचा माणूस आठवड्यात आला आणि पैसे न घेता ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवून गेला; डाग मात्र आम्हालाच घासून काढावे लागले. किनाऱ्यावरच्या गावांनी ही ग्रेड आधीच लिहून घ्यावी, आतल्या सांगाड्यासाठीसुद्धा. रंग अजून उडालेला नाही.

खर्च वाहतुकीसह ६५,००० रुपये आला. कशेडी आणि परशुराम घाट उतरून मूर्ती टेम्पोतून आली, पण गवताच्या पेंढ्यांत इतकी नीट बांधली होती की कुठे ओरखडाही नव्हता. काम दिवाळीच्या सुमारास सांगावे. होळीनंतर सांगितले, तर ते गणपतीच्या हंगामात अडकते आणि आखणीला मुख्य मूर्तिकारांचा हात मिळत नाही.