जुना लॅपटॉप घेताना झालेली फसवणूक, बडोदेकरांनी जरूर वाचा

मंडळी, आमचे २९ हजार गेले, निदान तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकते, नवीन लॅपटॉप परवडत नव्हता म्हणून ऑनलाइन जाहिराती बघत होतो, त्यात एक थिंकपॅड दिसला, विंडोज ११ चालणारा (१० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ११ न चालणारं जुनं मशीन घ्यायचंच नाही हे पक्कं होतं). विकणारा मुलगा सयाजीगंजात चहाच्या टपरीवर भेटला. बोलायला इतका गोड! "मारुं पोतानुं छे काकी, कॅनडा जाउं छुं एटले वेचुं छुं." (माझा स्वतःचाच आहे, कॅनडाला चाललोय म्हणून विकतोय.) बिल मागितलं तर घरी राहिलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणे. आम्ही स्क्रीन बघितली, एकेक बटण दाबलं, कॅमेरा, स्पीकर, बॅटरी सगळं उत्तम. फक्त उलटा केला तर खाली बोटभर लांब पट्टा चिकट लागला, स्टिकर खरवडलेला, उरलेल्या गोंदावर धूळ बसून काळा झालेला. विचारलं तर म्हणाला दुकानाचं स्टिकर होतं. खरं तर तिथूनच उठायला हवं होतं. १० हजार रोख दिले, १९ हजार यूपीआयने. निघताना त्याने दोनदा सांगितलं, बधुं नाखी आप्युं छे, रीसेट ना करता (सगळं टाकून दिलंय, रीसेट करू नका). आम्हाला वाटलं काळजीनेच सांगतोय.

सहाव्या दिवशी काहीतरी अडकायला लागलं म्हणून मुलीने रीसेट मारला, वायफाय जोडलं, आणि स्क्रीनवर एका कंपनीचं नाव, खाली ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड टाका! दांडिया बाजारातल्या ओळखीच्या रिपेअरवाल्याने पेनड्राइव्हवरून विंडोज नवीन टाकून बघितलं, परत तेच. तो म्हणाला ताई, ही ऑटोपायलटची भानगड आहे, मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर कंपनीच्या नावाने नोंदलेली असते, हार्डडिस्क बदलली तरी जात नाही, कंपनीच्या आयटीवाल्यांनी काढली तरच जाते. त्या मुलाने नेट न जोडता विंडोज टाकलं होतं म्हणून आमच्यासमोर काही आलंच नाही. आणि खरवडलेलं स्टिकर कंपनीचंच असणार.

त्याचा फोन बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे त्याच्या खात्यातून केव्हाच निघून गेलेले. (तुमच्यावर वेळ आली तर त्याच तासाला फोन लावा, आमचे सहा दिवस गेले.) कंपनीला सीरियल नंबर मेल केला तर कळलं की नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी परत न केलेलं मशीन आहे. एकदा कळल्यावर ठेवून कसं घेणार, चोरीचा माल माहीत असून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. परत पाठवून दिला.

थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही मुळात ऑफिसातली मशीनं, कंपन्या रीतसर विकतातही, तेव्हा घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर पूर्ण रीसेट करा, आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा आणि ईमेल-पासवर्ड मागणारी स्क्रीन येऊन तिथे कंपनीचं नाव नाही हे दिसेपर्यंत हलू नका, तास जाऊ दे लागला तर. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पासवर्ड मागतो का बघा, तिथला सीरियल नंबर खालच्या नंबराशी आणि बिलाशी जुळवा. रीसेटला जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका, कितीही स्वस्त देत असला तरी.

परवा मुलीला अजून एक जाहिरात दिसली, नाव वेगळं, लॅपटॉप वेगळा, पण फोटोत खाली आमच्या जाहिरातीत होती तीच निळ्या चौकटीची चादर. मांजलपूरचा पत्ता टाकलाय. आम्ही रिपोर्ट केलीय, अजून निघालेली नाही.