शाडूचा गणपती, कापडी पिशव्या की गोधडी? सोसायटीत काय घ्यावं

सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून हाताने काहीतरी करावं असं ठरलं की ही तीन नावं हमखास पुढे येतात. आमच्याकडे तिन्ही होऊन गेलीत.

गर्दी हवी असेल तर शाडू. मुलं येतात आणि त्यांच्यामागे आजी-आजोबा. वीतभर मूर्तीला माणशी दीड ते दोन किलो माती आणि अडीच तास धरा. सोंड जोडताना सांध्याला पातळ कालवलेली माती लावायला सांगा, नाहीतर वाळताना ती गळते आणि घरोघरी रडारड. मूर्ती सावलीतच वाळवायची, उन्हात तडे जातात. श्रावणाच्या दमट हवेत आठवडा सहज लागतो, म्हणून चतुर्थीच्या निदान १५ दिवस आधीचा रविवार बघा. हात मात्र बादलीत धुवायला लावा. आमच्याकडे बेसिनचा पाइप तुंबला आणि प्लंबरचं बिल मातीच्या खर्चाच्या वर गेलं. शाडू पाण्यात विरघळते हे खरं, पण तीही खणूनच काढावी लागते. पुण्यात ‘पुनरावर्तन’ मोहिमेत विसर्जनानंतरची माती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. तुम्हीही बादलीत विसर्जन करून खाली बसलेली माती पुढच्या वर्षासाठी ठेवू शकता.

फक्त एक आहे: प्रत्येकजण आपल्या मूर्तीत डोकं खुपसून बसतो. शेजारच्या विंगेतल्या बाईंचं नाव मला त्या दिवशीही कळलं नाही.

पिशव्यांचं काम सेवेचं. शिवून भाजीवाल्यांना वाटता येतात. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा याला फार उत्साह होता. एका साडीत दहाएक पिशव्या निघतात, पण कापड विरलेलं असेल तर कांदे-बटाट्यांचं वजन पेलत नाही. ते दुहेरी घ्यावं लागतं, मग निम्म्याच. खरी अडचण मशीनची. दोन मशीन, दोन शिवणाऱ्या, बाकीचे कात्री घेऊन उभे.

गोधडीला मशीन लागत नाही. जुन्या सुती साड्या (नायलॉन, सिल्क नको), जाड दोरा, मोठ्या सुया आणि सतरंजी. थर पसरून कडेने धावदोरा घालत आत यायचं, म्हणजे चार बाजूंना चौघीजणी समोरासमोर बसतात आणि हात चालू असताना तोंड बंद राहत नाही. कोणती साडी कुणाच्या सासूची, हे पहिल्याच तासात निघतं. पुरुष येत नाहीत म्हणाल, तर आमच्याकडे निवृत्त बँकवाले काका सर्वांत सरळ टाके घालतात.

गोधडी एका रविवारात होत नाही. महिना-दीड महिना जातो, काहीजणी गळतात. पण उरलेलं काम पुढच्या रविवारी बोलावतं, आणि मला तरी हेच हवं होतं. मोठी झेपणार नाही वाटलं तर बाळांच्या दुपट्यांपासून सुरुवात करा. दोन बैठकांत एक होतं. दवाखान्यात द्यायची असतील तर आधी विचारून घ्या, आणि उकळत्या पाण्यातून काढून, कडकडीत वाळवून द्या.

हाताशी एकच रविवार आणि मुलं भरपूर असतील तर शाडू घ्या. चार-पाच रविवार मिळत असतील तर मी गोधडीलाच मत देईन. पिशव्या तेव्हाच, जेव्हा बिल्डिंगमध्ये निदान चार चालू मशीन निघतील. सेक्रेटरींनी आधी तेवढी मोजून घ्यावीत.