बी.एस्सी. नर्सिंग : हायवेवरचं नवं कॉलेज का जुन्या दवाखान्यातलं?

दोन्ही कॉलेजात मी स्वतः राहून आलोय म्हणून लिहितो. पहिलं नागपूरच्या बाजूला, हायवेवर, काचेची बिल्डिंग, गेटवर कारंजं. दुसरं यवतमाळकडं, एका ट्रस्टच्या जुन्या दवाखान्याच्या आवारात, ते कुठंय हे एस्टीतून उतरल्यावर पानठेल्यावर विचारावं लागलं होतं. पहिल्यात सहा महिने काढले, सोडलं, अन् पुढच्या वर्षी नव्यानं दुसऱ्यात गेलो. नावं सांगत नाही, अशा जोड्या विदर्भात बऱ्याच सापडतील.

मान्यतेचं आधी उरकतो. आयएनसीच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) यादीत त्या वर्षासाठी नाव, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, अन् नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं संलग्नीकरण, हे तिन्ही दोघांकडं होतं. यातलं एक जरी नसलं तं पुढं रजिस्ट्रेशनच्या वेळी बोंब होते, तिथं विचारच करू नका, आणि "हजेरीचं टेन्शन घेऊ नका, परीक्षेपुरतं या" म्हणणारा एजंट भेटला तं त्याचा चहा प्या अन् निघा. पण दोघांचे कागद सारखे असले की ठरवायचं कसं? कागदावर दोघांकडंही शंभर खाटांचं पॅरेंट हॉस्पिटल, म्हणजे कॉलेजचा स्वतःचा दवाखाना, होतं. हायवेवाल्याकडं खाटा खरंच होत्या, मोजून घ्या. पेशंट नव्हते.

आणि पेशंट नव्हते म्हणून बस होती. माझं सगळं त्या बसवर अडलं राजेहो. सकाळी सहाला निघायची, सिव्हिलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पोचेपर्यंत साडेआठ, तोवर ड्रेसिंग उरकलेलं, राउंड अर्धा झालेला, अन् आमच्याआधी आणखी दोन कॉलेजांचे पोट्टे वॉर्डात येऊन उभे. एका खाटेभोवती आम्ही नऊ-दहा जण. मी उंचीनं कमी, मले पेशंटचे फक्त पाय दिसायचे. साडेबाराला बस परत, कारण ड्रायव्हरला दुसरी ट्रिप असायची. म्हणजे रोज पाच तास बसमध्ये अन् चार तास वॉर्डात, ते बी दुसऱ्याच्या खांद्यावरून. एकदा ट्युटरला म्हटलं, सर केस बुकात काय लिहू, मी तं पेशंटला हातच नाही लावला, तं म्हणे पुढच्याचं पाहून लिहून टाक. लिहिलं. त्या रात्री झोप लागली नाही असं काही नाही, मस्त झोपलो, पाच तासाच्या बसनं कोणीही झोपेल. पण घरी गेल्यावर आजीला सलाईन लावायची वेळ आली तेव्हा गावचा कंपाउंडर माझ्या तोंडाकडं पाहत होता अन् मी त्याच्या.

दुसऱ्या कॉलेजात हॉस्टेल अन् दवाखाना यांच्यात एक कडुनिंब अन् सायकल स्टँड, एवढंच अंतर. रात्री दोनला लेबर रूममधून सिस्टरचा निरोप यायचा, ज्याला शिकायचं त्यानं या. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीच्या विषबाधेचे पेशंट. 2017 ला यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी-मजूर गेले ते आपल्याकडं कोणाला सांगायला नको, तेव्हापासून या वॉर्डाकडं सगळे जरा घाबरूनच पाहायचे. अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचं औषध, चालू असताना दर थोड्या वेळानं डोळ्यांच्या बाहुल्या पाहायच्या, नाडी लिहायची, तोंडातली लाळ किती ते पाहायचं, हे मी पुस्तकात नंतर वाचलं, हातानं आधी केलं. सापाचे पेशंट, सिकलसेलची पोरं, हेही तिथंच.

आता हायवेवाल्याच्या बाजूनं बी बोललं पाहिजे. स्किल लॅब खरंच भारी, पुतळे नवे, इंग्रजीचा सराव चांगला करून घेतात. माझी चुलत बहीण तिथूनच पास झाली, ती आज पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात आहे अन् इंटरव्ह्यूत माझ्यापेक्षा दहापट बरी बोलते. पोरीच्या हॉस्टेलची काळजी असणाऱ्या बापाला तिथलं कंपाउंड, कॅमेरे पाहून बरं वाटतं, ते चूक नाही म्हणत मी. जुन्या कॉलेजात लायब्ररीला पाच वाजता कुलूप, बाथरूमची रांग, अन् मेसची डाळ अशी की तळाची वाटी दिसावी. फीचा फरक माझ्या वेळी वर्षाला सात-आठ क्विंटल सोयाबीनएवढा होता. पोरींनी एक पाहा, 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तं शिक्षण शुल्काची माफी आहे, पण प्रवेश सरकारी राउंडमधून लागतो, मॅनेजमेंटची सीट घेतली तं नाही.

काही जण म्हणतात, मग जीएनएमच (नर्सिंगचा डिप्लोमा) करतो सिव्हिलला, तीन वर्षांत मोकळा. हात चांगला बसतो, मान्य. फक्त एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला, जीएनएमवाल्याला पन्नास खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव मागतात, बी.एस्सी.वाला थेट बसतो. अन् पुढं डिग्री पाहिजे म्हटलं तं पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची आणखी दोन वर्षं. घरची घाई असेल तं वेगळी गोष्ट.

माझं ऐकायचं तं एवढं करा. न सांगता, मंगळवार-बुधवार पाहून, सकाळी दहाला थेट पॅरेंट हॉस्पिटलात जा. कॉलेजात नका जाऊ, तिथं फाइल अन् पेढा देतात. वॉर्डाच्या दारात नातेवाईकांच्या चपला किती अन् खिडकीत जेवणाचे डबे किती तेवढं पाहा. मग बाहेर येऊन बसच्या ड्रायव्हरला विचारा, पोरं कुठं नेता, किती वाजता. तो खरं सांगतो, त्याला कोणी शिकवून ठेवलेलं नसतं. कदाचित आता हायवेवाल्याकडं पेशंट वाढलेही असतील, मी काही रोज जात नाही तिकडं. जुन्या कॉलेजात मात्र मागच्या महिन्यात गेलो होतो, आमच्या सिस्टरच्या निरोप समारंभाला. डाळ तशीच आहे.