बोटाच्या थेंबावर सीडी४ मोजणारं यंत्र: द्राक्षाच्या एका हंगामानंतर

सीडी४ म्हणजे एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या रोगप्रतिकारक पेशी. हे यंत्र बोटाच्या रक्तात त्या किती आहेत ते मोजतं आणि आकडा चिठ्ठीवर छापून देतं. आता थेट तक्रारीवर येते. याच्या प्रिंटरची चिठ्ठी टिकत नाही.

छाटणीला दिंडोरीत आलेल्या एका मावशींकडे काढणीच्या वेळी जुनी चिठ्ठी मागितली. प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली, आणि कोरी. उजेडाकडे तिरकी धरली तेव्हा एक ३ दिसल्यासारखा वाटला, पुढचं काही नाही. कागद थर्मल आहे. ऊन, उजेड, प्लास्टिक, कशानेही अक्षर उडतं. दुकानाची पावती असती तर मी बोललेही नसते. पण आधीचा आकडा कळल्याशिवाय आजचे ३१० चांगले की वाईट, कसं सांगणार? दीडशेवरून चढले असतील तर एचआयव्हीच्या गोळ्या लागू पडताहेत. सहाशेवरून उतरले असतील तर गोळ्या सुटल्यात का, हे लगेच विचारायला हवं. हंगामी मजुराकडे तो कागद हीच एक नोंद असते.

विक्रेत्याला फोन केला. "मॅडम, प्रिंटर वेगळा येतो, वॉरंटीत नाही." निदान टिकणारा कागद द्या म्हटलं, तर नुसतं "कळवतो". एवढी किंमत घेऊन हे उत्तर! आता आकडा आणि तारीख बॉलपेनने एआरटीच्या (एचआयव्हीच्या उपचाराच्या) पुस्तकात लिहिते, वर चिठ्ठीची झेरॉक्स. तिचे पैसे आमची संस्था भरते, हे मला पटत नाही.

मोजणी मात्र चोख. वीसेक मिनिटांत निकाल, आणि सुरगाण्यात लाइट गेली तरी बॅटरीवर शिबिर पार पडतं. पूर्वी नळीतलं रक्त नाशिकला पाठवायचं आणि निकाल येईपर्यंत माणूस दुसऱ्या गावाला गेलेला असायचा. खरी कसोटी बोटाची. निफाडच्या थंडीत सकाळी बोटं गार पडलेली, त्यात कामाने राठ झालेली. हात कोमट पाण्यात धरायला लावते, बोटाच्या कडेला टोचते, पहिला थेंब पुसते. बोट पिळायचं नाही. पेशींच्या भोवतालचं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा चुकतो. थेंब कमी पडला की एरर, आणि थेंब भरायचं महागडं, एकदाच वापरायचं कार्ट्रिज कचऱ्यात.

दिवाळीपर्यंत माझं मत होतं की हे यंत्र आता नको. २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी उपचार लगेच सुरू होतात, आणि औषध लागू पडतंय का हे व्हायरल लोडच (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) नीट सांगतो. हंगामात मत बदललं. गोळ्या सोडून परत आलेल्यांचा सीडी४ त्याच बैठकीत २०० च्या खाली, म्हणजे प्रतिकारशक्ती फार घटलेली दिसली, की कोट्रायमॉक्साझोल (इतर संसर्ग टाळणारं औषध), टीबीची तपासणी आणि क्रिप्टोकॉकस या मेंदूपर्यंत जाणाऱ्या बुरशीची चाचणी हे सगळं त्याच दिवशी डॉक्टरांपुढे ठेवता येतं. शरीर किती खचलंय, हे व्हायरल लोड सांगत नाही.

फक्त २०० च्या वर की खाली एवढंच हवं असेल तर व्हिजिटेक्टची पट्टी पाहा. चाळीस मिनिटं लागतात, यंत्र लागत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र सीडी४ ची टक्केवारी पाहावी लागते आणि आमचं यंत्र ती देत नाही, त्यांना मोठ्या लॅबलाच पाठवा. गर्दीच्या ओपीडीलाही हे पुरणार नाही, एका वेळी एकच नमुना चालतो.

पेठ-सुरगाण्यासारख्या भागात फिरणाऱ्यांनी जरूर घ्यावं. ऑर्डर देण्याआधी कार्ट्रिजची मुदत आणि कागदाच्या रोलचा दर्जा लेखी घ्या, तोंडी नको.