५०१२ प्रकाशवर्षांची परतवाट: ‘अ‍ॅस्ट्रा लॉस्ट इन स्पेस’

अंतराळात अडकलेल्या माणसांच्या गोष्टी जपानी अ‍ॅनिमेत, म्हणजे हलत्या चित्रांच्या चित्रपटांत आणि मालिकांत, गेली पन्नास वर्षे सांगितल्या जात आहेत आणि प्रेक्षकांना त्यांचा अजून कंटाळा आलेला नाही. १९७४ साली जपानी दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘स्पेस बॅटलशिप यामातो’मध्ये एका जहाजाला १,४८,००० प्रकाशवर्षे दूर जाऊन वर्षभराच्या आत पृथ्वीवर परतायचे होते आणि मानवजातीच्या हाती आता किती दिवस उरले आहेत, हे भाग संपता संपता प्रेक्षकांना सांगितले जाई. शत्रू, तोफा आणि लढाया तिथे भरपूर होत्या, पण मनात घर करून राहिला तो उरलेल्या दिवसांचा आकडा. माझ्या मते या कथाप्रकाराचे खरे आकर्षण या हिशेबातच आहे. पाणी किती, अन्न किती, इंजिनात बळ किती, घर किती लांब, हे ज्यांना एकत्र बसून मोजावे लागते, त्यांना एकमेकांवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. २०१९ मध्ये जुलै ते सप्टेंबर या काळात प्रसारित झालेली ‘अ‍ॅस्ट्रा लॉस्ट इन स्पेस’ ही बारा भागांची मालिका हा हिशेब विलक्षण चोखपणे मांडते.

केंता शिनोहारा यांच्या पाच खंडांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, ती आधारलेली आहे. या मांगाला २०१९ चा मांगा ताइशो पुरस्कार मिळाला, तर मालिकेला पुढच्या वर्षी जपानी विज्ञानकथाप्रेमींच्या मतांवर दिला जाणारा सेइउन पुरस्कार मिळाला. निर्मिती लेर्शे स्टुडिओची आणि दिग्दर्शन मासाओमी आंदो यांचे आहे.

कथा २०६३ सालची आहे. शाळेच्या शिबिरासाठी एका परग्रहावर उतरलेल्या नऊ मुलामुलींना प्रकाशाचा एक गूढ गोळा गिळून टाकतो आणि ५०१२ प्रकाशवर्षे दूर, थेट उघड्या अवकाशात नेऊन सोडतो. जवळच तरंगणारे एक बेवारस यान त्यांच्या हाती लागते, म्हणून ती वाचतात. या सुरुवातीच्या प्रसंगातच मालिकेचा स्वभाव कळतो. एरीज नावाची मुलगी यानापासून दूर वाहत चालली आहे आणि तिच्या पोशाखातील यंत्र बिघडल्यामुळे तिला स्वतःला वळताही येत नाही. नऊ जणांतलाच कानाता तिच्याकडे झेपावतो, पण त्याला बांधलेली दोरी अपुरी पडते, तेव्हा तो ती सोडून देतो. परतताना दोघेही भरकटू लागतात आणि यानात थांबलेली मुले, जी काही तासांपूर्वी एकमेकांची नावेही नीट जाणत नव्हती, हातात हात गुंफून साखळी करतात आणि दोघांना आत ओढून घेतात. वजन नसलेल्या त्या पोकळीत कुणाचा हात सुटला तर तो माणूस कायमचा गेला, एवढे एकच भौतिक सत्य या प्रसंगामागे आहे आणि ते दिग्दर्शकाने आरडाओरड्याशिवाय आपल्यापर्यंत पोहोचवले आहे.

पुढचा प्रश्न घरी परतण्याचा. यानात अन्नपाणी साठवण्याची मर्यादा आहे आणि घर महिनोन्‌महिन्यांच्या अंतरावर आहे. यान चालवता येणारा झॅक नकाशा उघडतो आणि मुक्कामापुरते टप्पे गाठता येतील असे ग्रह वाटेत शोधतो. प्रत्येक ग्रहावर उतरायचे, अन्न व पाणी भरून घ्यायचे आणि पुढचा ग्रह गाठायचा. एक ग्रह चुकला तर पुढचे सारे गणित कोसळते. हे समजावून सांगणारा प्रसंग कोणत्याही पाठलागापेक्षा अधिक उत्कंठा निर्माण करतो, कारण प्रेक्षकही मनातल्या मनात बेरीज करू लागतो. त्यातच यानाचे संपर्कयंत्र कुणीतरी मुद्दाम निकामी केल्याचे उघड होते आणि हे काम आपल्यापैकीच कुणाचे तरी आहे, हे नऊ जणांना कळते. पाण्याच्या हिशेबात आता विश्वासाचाही हिशेब मिसळतो. संशयित आपल्याच ताटाला ताट लावून जेवत असताना त्याला वगळूनही चालत नाही, कारण शार्सला वनस्पतींची जाण आहे, कितरीला वैद्यकाची, लुकाचा हात कारागिराचा आहे, आणि यांतला एक जरी कमी झाला तरी उरलेल्यांची जगण्याची शक्यता घटते.

ग्रहांमध्ये मला सर्वांत आवडला तो इक्रिस. आपल्या चंद्राची जशी एकच बाजू पृथ्वीकडे असते, तशी या ग्रहाची एकच बाजू सदैव ताऱ्याकडे असते. त्यामुळे एक गोलार्ध होरपळणारा, दुसरा गोठलेला आणि दोहोंच्या सीमेवर तेवढा जगण्याजोगा पट्टा. लाल खुज्या, म्हणजे लहान आणि मंद, ताऱ्यांच्या अगदी जवळून फिरणाऱ्या ग्रहांची स्थिती अशी असू शकते, असे खगोलशास्त्र सांगते. ज्यांना कथेतले काहीच आधी जाणायचे नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा. मुख्य रहस्याला मी धक्का लावत नाही.

इक्रिसवर मुलांचे यान निकामी होते आणि त्याच ग्रहावर त्यांना त्याच बनावटीचे दुसरे मोडके यान सापडते. दोन्ही वेगवेगळ्या जागी मोडलेली आहेत, म्हणजे दोहोंचे धड भाग जोडून एक चालते यान उभे राहू शकते. हे पाहताना मला ‘हायाबुसा’ आठवली. इतोकावा या लघुग्रहाकडे २००३ साली निघालेल्या या जपानी यानाचा संपर्क २००५ च्या डिसेंबरात तुटला, तो काही आठवड्यांनी पुन्हा मिळाला. २००७ मध्ये अपेक्षित असलेले परतणे तीन वर्षे लांबले आणि अखेरच्या टप्प्यात विद्युतभारित कणांच्या झोताने यान ढकलणारी आयन इंजिनेही बंद पडली. तेव्हा अभियंत्यांनी एका इंजिनाचा धड राहिलेला भाग दुसऱ्या इंजिनाच्या धड भागाशी जोडून घेतला आणि १३ जून २०१० रोजी ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथे लघुग्रहावरून आणलेल्या नमुन्यांची कुपी उतरवली. जपानमध्ये त्या यानावर लोकांनी माणसावर करावी तशी माया केली आणि त्यावर एकाहून अधिक चित्रपट निघाले. शिनोहारांना हे उदाहरण सुचले होते असा माझा दावा नाही, पण मोडक्यातून चालते करून घरी परतण्याची ही गोष्ट त्या प्रेक्षकांच्या इतकी जवळची का आहे, हे त्यातून समजते.

दोषही सांगितले पाहिजेत. पाच खंडांची कथा बारा भागांत बसवल्यामुळे शेवटचा ग्रह घाईत उरकला जातो. विनोद पुष्कळ आहेत, त्यांतले बरेच चांगले आहेत, पण काही अशा क्षणी येतात की नुकताच वाढलेला ताण उगाच सैल पडतो. सर्वांत मोठी उणीव उत्तरार्धातील स्पष्टीकरणांची. मुलांना तिथे कुणी आणि का पाठवले याचे उत्तर धक्कादायक आहे, धागेही आधीपासून प्रामाणिकपणे पेरलेले आहेत, पण ते उत्तर पात्रे एका जागी उभी राहून बराच वेळ बोलून दाखवतात. जी मालिका नकाशा आणि कृती यांतून इतके सांगू शकते, तिच्याकडून मला अधिक अपेक्षा होती.

याच परंपरेतील १९९९ ची ‘इन्फिनिट रायव्हियस’ पाहिली तर फरक लगेच जाणवतो. तिथे ४८७ तरुण एका यानावर अडकतात आणि साठा कमी होताच टोळ्या, बळजबरी आणि धान्याच्या वाटपावरची दंडेली सुरू होते. ती मालिका अधिक कठोर आहे आणि तिचे निदानही खोटे नाही. ‘अ‍ॅस्ट्रा’ने त्याच टंचाईतून उलट निष्कर्ष काढला आहे आणि तो भाबडा वाटत नाही, कारण इथे चांगुलपणा उपदेशातून येत नाही. कानाता कप्तान होतो तो भाषण करून नव्हे; डोंगरातील दुर्घटनेत आपले शिक्षक गमावल्यानंतर त्याने अशा प्रसंगासाठी शरीर आणि मन तयार केलेले आहे, आणि प्रत्येक ग्रहावर सर्वांत धोक्याचे काम तो स्वतःकडे घेतो.

अ‍ॅनिमे कधीच न पाहिलेल्या मोठ्या माणसांना आणि विज्ञानाची गोडी असलेल्या शाळकरी मुलांना ही मालिका एकत्र पाहता येईल, मात्र फारच लहान मुलांना मधला संशयाचा भाग जड जाईल. जपानी संवाद आणि उपशीर्षके असलेली आवृत्ती निवडावी. पहिला आणि शेवटचा भाग नेहमीच्या दुप्पट लांबीचे आहेत, तेव्हा तेवढा वेळ हाताशी ठेवावा, आणि रहस्य आधी कळू द्यायचे नसेल तर पात्रांची माहिती शोधायला जाऊ नये.